चौगुन मोठी की चतुर्थांश? सहावीचा वर्ग, गावातले वादक आणि अपूर्णांक

पार्श्वभूमी

हे प्रकरण जिल्हा परिषदेच्या एका उच्च प्राथमिक शाळेतलं आहे. मी तिथे सहावी ते आठवीला गणित शिकवतो. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कुणाची ओळख पटेल असे तपशीलही टाळले आहेत.

आमच्या शाळेला कला शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तेव्हाच. आमचा पट त्याहून बराच कमी. त्यामुळे वेळापत्रकात कलेची तासिका दिसायची आणि प्रत्यक्षात ती मागे पडलेल्या विषयाला जायची. बहुतेक वेळा ती मीच घ्यायचो, गणितासाठी.

गावात मात्र कलेची वाण नव्हती. संध्याकाळी भजनी मंडळ बसायचं. पखवाज वाजवणारे एक आजोबा पंचक्रोशीत नावाजलेले. हलगी वाजवणारी दोन-तीन घरं होती. आमची मुलं रोज या आवाजातच वाढत होती, आणि शाळेच्या फाटकातून आत येताना तो बाहेर ठेवून येत होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. स्थानिक कारागीर आणि कलावंतांकडे जाऊन मुलांनी शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. शनिवारची सकाळ आमच्याकडे तशीही मोकळी ठेवायला परवानगी होती. म्हणजे दार उघडं होतं, आत कुणाला आणि कशासाठी बोलवायचं एवढंच ठरायचं होतं.

अडचण

सहावीच्या वर्गात तीसेक मुलं होती. त्यांना विचारलं, १/२ मोठा की १/४, तर निम्म्याहून जास्त हात १/४ साठी वर. कारण साधं, दोनापेक्षा चार मोठे. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५, वर वर मिळवायचं, खाली खाली मिळवायचं. कागदाच्या घड्या झाल्या, वर्तुळं रंगवून झाली. घडी समोर असली की मुलं बरोबर सांगत. कागद बाजूला केला आणि फळ्यावर फक्त अंक राहिले की पुन्हा तेच. घडी ही एक गोष्ट आणि अपूर्णांक ही दुसरी, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सभेत एका आईने विचारलं, "आमची पोरं रात्री भजनात टाळ धरतात, त्यांना शाळेत काही का नाही शिकवत?" या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा कायदा आहे, आणि त्याचा उपयोग अशा वेळी कळतो. शिक्षकांच्या बैठकीत हा प्रश्न कुणी विचारला नसता. त्याच रात्री मी मंडळात जाऊन बसलो. आजोबा एका पोराला सांगत होते, आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन, म्हणजे आधी मूळ संथ लय, मग दुप्पट, मग चौपट. माझ्या डोक्यात लगेच अपूर्णांक आले. हे आपोआप येणं हीच पुढे अडचण ठरली.

समोर असलेले पर्याय

तालुक्याच्या गावातली एक संस्था एका दिवसाची चित्रकला कार्यशाळा घ्यायला तयार होती. साहित्य त्यांचं, माणसं त्यांची, आम्ही फक्त मुलं बसवायची. मुख्याध्यापिका बाईंचा सुरुवातीला कल तिकडे होता, कारण त्यात धोका नव्हता. पण असे दिवस आम्ही आधीही पाहिले होते. मुलं रमतात, फोटो निघतात आणि सोमवारी वर्गात त्याचा मागमूस उरत नाही.

दुसरा मार्ग, मीच मोबाइलवर चित्रफिती दाखवून तालाची ओळख करून द्यायची. तो मी दोन दिवसांत सोडला. ताल ज्याच्या हातात नाही त्याने ताल शिकवू नये, एवढं मला कळत होतं.

तिसरा, जवळच्या शहरातल्या विशारद झालेल्या तबलाशिक्षकांना महिन्यातून दोनदा बोलावायचं. त्यांच्याकडे शिस्तशीर अभ्यासक्रम होता. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, दुगुनीत, चौगुनीत लिहावा लागतो, म्हणजे लिपीची सवय त्यांच्याकडे पक्की. पण अंतर मोठं होतं आणि मुलं त्यांना ओळखत नव्हती.

चौथा पर्याय गावातलेच वादक. घराजवळचे, रोज भेटणारे. त्यांनी वर्गात कधी शिकवलेलं नव्हतं, आणि शाळेत भजन म्हणजे धर्म आला का, हा प्रश्न उभा राहणार हे उघड होतं.

आम्ही चौथा पर्याय घेतला. तबलाशिक्षकांना एकदाच भेटून ताल लिहायचा कसा ते समजून घेतलं. वर्षभर टिकेल असं काहीतरी हवं होतं आणि टिकायचं तर माणूस चालत येण्याच्या अंतरावर हवा, हे एकच कारण शेवटी निर्णायक ठरलं. त्या निर्णयाबद्दल आजही मला शंका नाही.

धर्माचा प्रश्न आम्ही टाळला नाही. राज्याच्या निधीतून पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं २८ वं कलम सांगतं. दोन पालकांनी येऊन हळूच विचारलंही, आमच्या मुलांना अभंग म्हणावे लागतील का. मंडळाशी बसून बोललो आणि ठरलं की शाळेत फक्त ठेके आणि बोलांची पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, होईल. मंडळातल्या एक-दोघांना ते रुचलं नाही. आजोबांनी मात्र वाद घातला नाही. त्यांची एकच अट होती: पखवाजाला नमस्कार करून मी बसणार, पोरांना तसं करायला सांगणार नाही, पण मला कुणी अडवायचं नाही. ती अट आनंदाने मान्य झाली.

पहिले तीन शनिवार

मी तीन आठवड्यांचं नियोजन एकट्याने केलं. पहिल्या शनिवारी मात्रा (तालाचा एक ठोका) म्हणजे एकक, दुसऱ्या शनिवारी अर्धा, तिसऱ्या शनिवारी पाव. आजोबांच्या हातात तो कागद दिला. त्यांनी वाजवायचं, मी मध्ये थांबवायचं, फळ्यावर अपूर्णांक लिहायचा, मुलांना विचारायचं, मग पुन्हा वाजवायचं.

दर दोन-तीन आवर्तनांनी मी हात वर करत होतो. ठेका जमतो न जमतो तोच तुटत होता. मुलं माझ्या खडूकडे बघत बसली, कारण शाळेत उत्तर फळ्यावरच मिळतं याची त्यांना सवय. तिसऱ्या शनिवारी तर आजोबा जवळजवळ गप्पच होते.

चौथ्या शनिवारी ते आले नाहीत. घरी गेलो. चहा झाला, शेतीचं बोलणं झालं आणि मग ते म्हणाले, "मास्तर, तुम्हाला ताल नको आहे. तुम्हाला उदाहरण पाहिजे."

मला त्या वाक्याचा राग आला नाही, पण ते बरेच दिवस मनातून गेलं नाही. मी त्यांना शाळेत बोलावलं होतं आणि फळ्याला लावायच्या तक्त्यासारखं वापरलं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरा निर्णयाचा क्षण हाच होता. उपक्रम बंद करणं सोपं होतं. कागदोपत्री तो तेव्हाच पूर्ण झालेला होता.

पुन्हा मांडणी

मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, महिनाभर मी स्वतः संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला गेलो. पखवाज माझ्या हातात बसला नाही, पण हाताने टाळी आणि खाली (टाळी न वाजवता नुसता हात हलवणं) देत त्रिताल म्हणता येऊ लागला. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नववीवर खाली. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. हात आणि तोंड एकत्र चालायला मला तीन आठवडे लागले. सहावीच्या मुलाला नवीन गोष्ट शिकताना काय होत असेल, हे मी बऱ्याच वर्षांनी अनुभवलं.

दुसरी, तालाचा तास आणि गणिताचा तास वेगळे केले. शनिवार आजोबांचा. त्यात मी मुलांच्या रांगेत बसणार आणि अपूर्णांक हा शब्द उच्चारणार नाही. सोमवारी गणित माझं, शनिवारी जे झालं त्यातून काय घ्यायचं ते तेव्हा बघायचं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं तासभर बसणार. पुढच्या शनिवारी ते काय शिकवणार आहेत हे ते सांगणार, मुलं कुठे अडली हे मी सांगणार.

गुरुवारच्या या तासाने जे साधलं ते कुठल्याही नियोजनाच्या कागदाने साधलं नसतं. अशाच एका गुरुवारी कळलं की आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं लहानपणी घोकून पाठ झालेलं आहे. अपूर्णांकांचे पाढे! चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस दीडपट लय वाजवताना दिडकीच्या पाढ्याचा आधार घेत होता आणि मी त्याला अर्धा म्हणजे काय ते समजावत होतो.

वर्गात काय घडलं

चौगुनीचा शनिवार झाला. सोमवारी मी काही विचारायच्या आधीच एक मुलगी म्हणाली, "सर, चौगुन दुगुनीपेक्षा मोठी, कारण जास्त बोल बसतात." मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पण बोल बारीक होतात की!"

वर्षानुवर्षं होणारी चूक माझ्यासमोर उघडी पडली होती, आणि ती मुलांच्या अज्ञानातून आलेली नव्हती. 'चौगुन' हा शब्द खरोखर चारपट सांगतो, बोलांची संख्या चारपट. प्रत्येक बोलाला मिळणारा वेळ मात्र चौथा हिस्सा. एकाच घटनेत एक गोष्ट वाढते आणि दुसरी घटते. १/४ मधला ४ बघून मुलं 'किती' या प्रश्नाचं उत्तर देत होती, मी विचारत होतो 'केवढा'. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना हाताने मात्रा द्यायला लावल्या आणि 'धा' लांबवायला सांगितला. आधी एक 'धा' पूर्ण मात्राभर. मग एका मात्रेत 'धाधा'. मग 'धाधाधाधा'. तोंडातला 'धा' कितपत टिकतो? त्यानंतर वहीत मात्रेसाठी सारख्या रुंदीची घरं आखली. भातखंडे लिपीत एका मात्रेत जितके अक्षरबोल येतात त्यांना खालून एक अर्धचंद्र कंस काढून बांधतात. तो कंस मुलांना फार आवडला. घर तेवढंच, कंस तेवढाच, आत बसणारे चार म्हणजे दाटी झाली. चार बोल, प्रत्येक पाव मात्रेचा. त्या दिवशी १/२ आणि १/४ पुन्हा विचारले तेव्हा चुकीचे हात थोडेच वर आले, आणि ज्यांचे आले त्यांना शेजाऱ्याने बोल म्हणून दाखवला.

दुसरी गोष्ट कुणीही योजलेली नव्हती. मुलं ठेका धरताना हळूहळू पळायला लागतात. ठाय लयीत सुरू केलेलं आवर्तन पाचव्या-सहाव्या फेरीला इतकं वेगात जायचं की आजोबा हात जोडून थांबायचे. एकदा त्यांनी विचारलं, "आता तुम्ही ठायीत आहात की दुगुनीत?" कुणालाच सांगता येईना. सोमवारी आम्ही त्याच प्रश्नावर बसलो. मात्राच छोटी झाली तर तिचा अर्धाही छोटा होणार. अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? पाठ्यपुस्तकात एकक ठरलेलं, छापलेलं, निमूट असतं. इथे ते मुलांच्याच हातातून निसटत होतं आणि धरून ठेवायची जबाबदारीही त्यांचीच होती. गणित शिकवण्याच्या दृष्टीने मला हा वर्षातला सगळ्यात मोलाचा तास वाटतो.

लसावि सोपा गेला. एका गटाने आठ मात्रांचा भजनी ठेका धरला, दुसऱ्याने सहा मात्रांचा दादरा. दोघांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पुन्हा एकत्र कधी येणार? चोवीस मात्रांनी, पहिल्यांची तीन आवर्तनं आणि दुसऱ्यांची चार. मग सोळाचा त्रिताल आणि दहाचा झपताल घेतला. ऐंशी मात्रा धीर धरणं कठीण होतं. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा ऐंशीनंतरची सम दोन्ही गटांच्या टाळीने एकत्र वाजली तेव्हा शेजारच्या वर्गाच्या बाई काय झालं ते बघायला आल्या.

आणि तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल नेमका समेवर पडला पाहिजे. आजोबा हे अंदाजाने करत नाहीत, पण आकडे मांडूनही करत नाहीत. मुलांनी आकडे मांडले. त्रितालात पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली तर पुढची सम सतरावी. तीन तुकडे आणि मधले दोन दम (म्हणजे थांबे) मिळून सतरा व्हायला हवेत. तुकडा पाच मात्रांचा तर दम एकेक मात्रेचा, पंधरा आणि दोन. तुकडा तीनचा तर दम चार-चारचा. तुकडा एकाच बोलाचा तर दम सात-सातचा. दोनचा किंवा चारचा तुकडा का जमत नाही, यावर वर्ग बराच वेळ अडला. शेवटी एका मुलाने सांगितलं की दोन दम मिळून नेहमी समच संख्या होते, सतरा विषम आहेत, म्हणून तीन तुकड्यांची बेरीज विषमच लागते. सहावीत समीकरणांची नुसती तोंडओळख असते. या मुलांनी एका समीकरणाची पूर्णांकातली सगळी उत्तरं शोधली होती, आणि दुसरं उत्तर नाही याचं कारणही दिलं होतं. दम नसलेली, बेदम तिहाई आठ मात्रांच्या ठेक्यात तीन-तीनच्या तुकड्यांनी पहिल्या मात्रेपासून बसते, त्रितालात मात्र तिसऱ्या मात्रेपासून पाच-पाचच्या तुकड्यांनी उचलावी लागते, हे त्यांनी पुढच्या शनिवारी वाजवून पडताळून पाहिलं.

लघू एका मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर एक, दोन, तीन, चार, पाच मात्रा किती प्रकारे भरता येतील हेही एकदा करून पाहिलं. उत्तरं येत गेली १, २, ३, ५, ८. छंदशास्त्रात हे गणित विरहांकाने आणि पुढे ११५०च्या सुमारास हेमचंद्राने मांडलं. युरोपात ज्याच्या नावाने ही मालिका ओळखली जाते त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२चा. मुलांना या इतिहासापेक्षा पुढची संख्या काढण्यातच जास्त रस होता आणि मी त्यांना अडवलं नाही.

हलगीचा शनिवार

दिवाळीनंतर एका हलगीवादकांना बोलवायचं ठरलं. त्यांचा मुलगा याच वर्गात. मला वाटलं, वडील वर्गात शिकवायला आले की मुलाला अभिमान वाटेल. वडील आनंदाने तयार झाले. त्या शनिवारी मुलगा शाळेत आलाच नाही.

अनेक गावांत हलगी वाजवणं हे काही ठरावीक जातींवर लादलेलं काम होतं आणि ती आठवण घराघरांत अजून ताजी आहे. त्या मुलाला वर्गात चार जणांसारखं एक व्हायचं होतं. मी परस्पर त्याची ओळख वर्गासमोर मांडायला निघालो होतो, त्याला न विचारता. हेतू चांगला होता एवढ्याने ते भरून निघत नाही.

वडिलांशी बोललो, मग दोघांशी मिळून. पुन्हा यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडलं. वडील पुढच्या महिन्यात आले. 'लोककलेचा नमुना' म्हणून नाही, आजोबांसारखेच तालाचे शिक्षक म्हणून सलग चार शनिवार. आजोबा बसायचे त्याच जागी ते बसले. मुलगा आला, शेवटच्या रांगेत बसला, टाळ्या दिल्या. हलगी त्याने हातात घेतली नाही. त्याच्या मनात काय होतं हे मला माहीत नाही आणि मी ते उकरून काढायचा प्रयत्नही केला नाही.

मानधनाचा पेच इथेच आला. आजोबा सेवा म्हणून येत होते, पैसे नको म्हणत होते. हलगीवादकांचा शनिवारचा रोज बुडत होता. एकाने फुकट शिकवायचं आणि दुसऱ्याने पैसे घ्यायचे, तर गावात बोललं काय जाईल हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मुख्याध्यापिका बाई स्वतः आजोबांकडे गेल्या आणि त्यांना मानधन घ्यायला तयार केलं. समितीने ठराव करून लोकवर्गणीतून दोघांना सारखीच रक्कम दिली. आजोबांनी ती घेतली आणि पखवाजाच्या पुड्यांसाठी (त्याच्या तोंडांवरच्या चामड्यासाठी) ठेवली. या उपक्रमातला सगळ्यात शहाणा निर्णय मी बाईंचा मानतो.

स्नेहसंमेलन

जानेवारीत सगळ्यांचीच अपेक्षा होती की वर्ग स्नेहसंमेलनात ताल सादर करेल. मी विरोध केला. तालीम सुरू झाली की महिनाभर एकच तुकडा घोटला जातो, चार हुशार मुलं पुढे येतात, बाकीची मागे बसतात, हे मी पाहिलेलं होतं. त्याऐवजी पालकांसाठी खुला वर्ग घेतला. आई-वडील बाकांवर बसले, मुलांनी त्यांच्याकडून दादरा धरून घेतला आणि तिहाईचं कोडं घातलं. काही आयांनी ते मुलांच्या आधी सोडवलं.

खुला वर्ग छान झाला. पण आजोबा नाराज होते. त्यांच्या दृष्टीने मैफलीत बसल्याशिवाय शिकणं पुरं होत नाही. चार लोकांसमोर सम चुकण्याची भीती आणि ती गाठण्याचा आनंद, हा तालाचाच भाग आहे. आता मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. मी सादरीकरणातल्या दिखाऊपणाला घाबरलो आणि त्याबरोबर कलेतलं काहीतरी अस्सलही मुलांपासून दूर ठेवलं. सगळ्या वर्गाने मिळून साधा ठेका धरला असता तरी चाललं असतं.

निष्पत्ती

वर्षाच्या शेवटी अपूर्णांकांची तुलना बहुतेक मुलांना पक्की जमत होती. अडली तर ती घडीकडे नाही, बोलाकडे वळत. 'एकक कोणतं' हा प्रश्न काही मुलं आपण होऊन विचारू लागली. लसावि पाठांतराशिवाय येत होता.

बेरजेत मात्र फारसा फरक पडला नाही. १/२ आणि १/३ मिळवून २/५ लिहिणारी मुलं वर्षअखेरही होती. मात्रेचे सहा भाग करून दुगुन आणि तिगुन एकाच घरात मांडता येतात, हे दाखवलं तेव्हा समजलं, पण तिगुन नीट हातात बसलेली मुलं कमी, त्यामुळे ते पुन्हा फळ्यावरचंच उदाहरण झालं. जे हातात होतं तेच गणितात उतरलं.

आमच्याकडे तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. शिवाय मी स्वतः त्या वर्षी वेगळ्या पद्धतीने शिकवत होतो. त्यामुळे हे तालामुळेच झालं असा दावा मी करणार नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ तिसरीच्या मुलांना स्वरलिपीतल्या कालमानातून अपूर्णांक शिकवण्याचा प्रयोग झाला होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची समज वाढलेली दिसली. दुसरीकडे हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरोमधल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि कला शिकल्याने इतर विषयांतले गुण वाढतात या सरसकट समजुतीला पुरेसा आधार नाही असं सांगितलं. गणितासाठी ताल आणणाऱ्याने ही दुसरी बाजू आधी वाचावी. ताल ताल म्हणून शिकवला गेला, एवढं एक कारण उपक्रम चालवायला पुरेसं होतं. ते मला तीन शनिवार वाया घालवल्यावर पटलं.

पुन्हा केलं तर

पहिला महिना मुलांना बोलवणारच नाही. शिक्षकाने कलाकाराकडे जाऊन शिकायचं, एवढंच. गुरुवारचा तास माझ्या खासगी वेळेत होता. माझी बदली झाली की तो संपेल. तो शाळेच्या वेळापत्रकात लिहिलेला हवा आणि दोन शिक्षकांच्या नावावर हवा. बाईंशी तसं बोलणं झालं आहे, अजून ठरलेलं नाही.

ज्या मुलाच्या घरातली कला वर्गात येणार त्याला सगळ्यात आधी विचारीन, एकट्याला, नाही म्हणायची पूर्ण मोकळीक देऊन.

मुली पढंतीत पुढे होत्या, वाद्याजवळ मात्र कमी आल्या. भजनी मंडळात पखवाजावर त्यांनी कधी बाई पाहिलेली नव्हती. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. तालुक्यात तबला वाजवणाऱ्या एक ताई आहेत. पुढच्या वर्षी सुरुवात त्यांच्यापासून करायचा विचार आहे, आणि आजोबांना तो पसंत आहे.

तीच मुलं आता सातवीत आहेत आणि रूपक तालावर आली आहेत. सात मात्रा आणि समेवरच खाली, त्यामुळे टाळी कुठे द्यायची यावर रोज भांडण. गेल्या गुरुवारी आजोबांनी मला एक काम दिलं. सवाई लय, म्हणजे चार मात्रांत पाच बोल, त्यांना वाजवता येते, पण प्रत्येक बोल मात्रेचा नेमका कितवा हिस्सा ते त्यांना कागदावर बघायचं होतं. मी चार घरं आखली, त्यांचे पाच सारखे भाग केले आणि ४/५ लिहिलं. ते बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले, मग मांडीवर हात ठेवून त्यांनी ती लय धरली आणि मला मात्रा द्यायला सांगितल्या. मी दुसऱ्या आवर्तनात चुकलो. पुन्हा सुरू केलं.